कोकणात रॉटवायलर पाळायचा तर

देवगडकडे आंब्याच्या राखणीला रॉटवायलर कुत्रा आणतात आणि दिवसभर साखळीला बांधून ठेवतात. हे आधी थांबवा. मूळ जर्मनीतल्या रॉटवाइलची ही जात गुरं हाकायची, खाटकांच्या गाड्या ओढायची. माणसाबरोबर राहून काम करणं हाच तिचा पिंड. एकटा बांधलेला कुत्रा राखण करत नाही, नुसता चिडका होतो. आमचा भैरू पडवीत माणसांतच असतो. खळ्यात कुणी अनोळखी आलं तर तो लगेच भुंकत नाही. उठून उभा राहतो, त्याच्याकडे बघतो, मग आमच्याकडे. ही समज हवी तर पिल्लू तीन महिन्यांचं होण्याआधी त्याला पोस्टमन, मासेवाली, पाहुण्यांची पोरं सगळी दाखवा. मात्र लसी पुऱ्या होईपर्यंत कडेवर घेऊनच, कारण या जातीच्या पिल्लांना पार्व्हो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार, फार लवकर गाठतो.

आपल्याकडे चोरापेक्षा मोठा वैरी गोचीड. पावसाळ्यात रोज संध्याकाळी बोटांच्या बेचक्यांत, कानांच्या घडीत, शेपटीच्या मुळाशी हात फिरवा. काळ्या दाट केसांत गोचीड दिसत नाही, मुगाच्या दाण्यासारखी हाताला लागते. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल लावू नका. मग ओठ वर करून हिरडी बघा. ती पांढुरकी पडली, खाणं सुटलं, लघवी तांबडी झाली, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. गोचीडताप वेळेत कळला तर बरा होतो.

लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) लस दरवर्षी मे महिन्यात, आगोटीच्या म्हणजे पावसाळ्याआधीच्या कामांबरोबरच उरका. उंदरांच्या मुतामुळे खाचरातलं पाणी दूषित होतं आणि हा आजार माणसांनाही होतो.

उन्हाळ्यात सकाळी ७ च्या आत फिरवून आणा, नंतर कातळावर पाय भाजतात. नर ५० किलोपर्यंत भरतो, तेव्हा सांधे जपा: दीड वर्षाचा होईपर्यंत जांभ्याच्या पायऱ्यांवरून उड्या नकोत, आणि लाडाने लठ्ठ करू नका. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत.

जेवण दोन वेळा विभागून द्या, वर तासभर पळापळ नको. पोट टम्म फुगलंय, उमासे येतायत पण काही पडत नाही, असं दिसलं तर जठराला पीळ पडला असेल. सकाळची वाट बघू नका, रात्रीच गाडी काढा. असं ऑपरेशन करणारा डॉक्टर प्रत्येक तालुक्याला मिळेलच असं नाही. पिल्लू आणण्याआधीच चौकशी करून त्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.