सावलीत अंजनी कशी लावावी

सह्याद्रीच्या सदाहरित जंगलात, महाबळेश्वरच्या पठारावर तर जागोजागी, अंजनी दिसते. जाड चकचकीत पानं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर फांद्यांना चिकटून आलेले निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके. आंबा, फणस, जांभूळ यांच्याखाली 'इथे काही येत नाही' म्हणून सोडून दिलेली जागा तिला चालते.

आधी जागा बघा, सगळं त्यावर आहे. बुंध्याला खेटून नको. फांद्यांचा घेर संपतो त्याच्या थोडं आत, जिथे दिवसभर कवडसे फिरतात, ती जागा उत्तम. जांभ्याची माती हिला मानवते, साचलेलं पाणी मात्र अजिबात नाही. मोठ्या पावसानंतर तिथे डबकं राहत असेल तर जागा बदला.

रोप घेताना 'अंजनी'च सांगा. 'अंजन' हे कोरड्या रानातलं पानझडी झाड, ते सावलीत रखडेल. बियांपासून करायचं तर काळी पिकलेली फळं चोळून गर काढा आणि बी लगेच पेरा. वाळवून ठेवू नका.

लागवड जूनमध्ये, एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर. दीड फुटाचा खड्डा पुरतो. खणताना मोठ्या झाडाचं जाड मूळ लागलं तर ते तोडू नका, खड्डाच हातभर सरकवा. निघालेल्या मातीतच कुजलेला पालापाचोळा मिसळा. कच्चं शेण घालू नका, वाळवी येते. पिशवीत माती होती तेवढ्याच खोलीवर रोप बसवा. उतार असेल तर खालच्या बाजूला अर्धगोल बांध घाला.

पहिले दोन-तीन उन्हाळे आठवड्यातून एकदा, पण भरपूर पाणी. रोज तांब्याभर ओतलं तर मुळं वरवरच राहतात. पाचोळा जाळायची सवय असेल तर ती सोडा. तोच चार बोटं जाडीने आळ्यात पसरा, फक्त खोडाला टेकू देऊ नका.

वाढ सावकाश होते. खत वाढवून ती फारशी पळत नाही, म्हणून मागे लागू नका. कात्री तर जपूनच: फुलं जुन्या फांद्यांवर येतात, तेव्हा हिवाळ्यात छाटलंत की त्या वर्षीचा बहर गेला. वाळलेलं काढायचं ते फळं संपल्यावर. फळं पक्ष्यांसाठी राहू द्या. पुढे आसपास रोपं उगवली तर पावसाळ्यात, लहान असतानाच, मातीच्या गोळ्यासकट उचलून दुसरीकडे लावा.