कवळीमुळे हिरड्या दुखू लागल्यास काय करावे

नवी कवळी बसवल्यावर पहिल्या काही दिवसांत लाळ वाढणे, हिरड्या ठणकणे आणि एखाद्या ठिकाणी साल निघाल्यासारखी आग होणे हा बहुतेकांचा अनुभव असतो. मात्र सोसत राहिले की हे दुखणे आपोआप जाते, ही समजूत घातक आहे. कवळीचा काठ जिथे जास्त खोल जातो किंवा तिची आतली बाजू जिथे हिरडीवर नको इतकी दाबते, तिथे जखम होते. कवळी कडक ॲक्रिलिकची असल्यामुळे ती झिजत नाही, झिजते ती हिरडी. म्हणून औषध हिरडीला लावले तरी दुरुस्ती कवळीतच व्हावी लागते.

त्रास खालच्या कवळीचा अधिक होतो. वरच्या कवळीला अख्ख्या टाळूचा आधार मिळतो, तर खालची कवळी नालाच्या आकाराच्या अरुंद हिरडीवर टेकलेली असते आणि बोलताना व गिळताना जीभ तिला सारखी हलवत असते.

जखम झाल्यास कवळी काढून हिरडीला काही तास विश्रांती द्यावी, पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवून दिवसातून तीन-चार वेळा चूळ भरावी आणि दंतवैद्यांची वेळ घ्यावी. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. दुखते म्हणून अनेक जण कवळी आठवडाभर डबीत ठेवतात आणि डबीसकट दवाखान्यात जातात. तोवर हिरडीवरचा लाल व्रण भरून आलेला असतो आणि नेमके कुठे घासायचे, हे दंतवैद्यांना कळणे अवघड होते. त्यामुळे, सहन होत असेल तर, तपासणीच्या दिवशी काही तास कवळी घालावी आणि तोंडात घालूनच जावे. दंतवैद्य कवळीच्या आत विशिष्ट पेस्ट लावून दाबाची जागा शोधतात आणि तेवढाच भाग घासून देतात. अशा दोन-चार फेऱ्या होणे स्वाभाविक आहे. त्यावरून कवळी बिघडलेली आहे, असा निष्कर्ष काढू नये. घरातील वडीलधारी माणसे दुसऱ्यांना त्रास नको म्हणून दुखणे बोलून दाखवत नाहीत. त्यांचे जेवण अचानक कमी झाले, तर घरच्यांनी स्वतःहून विचारावे.

घरच्या घरी कानस, ब्लेड किंवा पॉलिश पेपरने कवळी घासण्याचा मोह पूर्णपणे टाळावा, कारण चुकीच्या जागी थोडे जास्त घासले गेले तरी तिची पकड जाते आणि ती पुन्हा भरून काढणे सोपे नसते. लवंगेचे तेल थेट जखमेवर लावल्यास नाजूक त्वचा भाजू शकते. बधिर करणारे जेल लावून जेवणेही योग्य नाही. दुखणे जाणवत नाही, पण घासणे चालूच राहते.

सुरुवातीला मऊ भात, वरण, खिचडी, उपमा, आमटीत कुस्करलेली भाकरी असे पदार्थ लहान घासांनी आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावून खावेत, कारण एकाच बाजूने चावल्यास कवळीची दुसरी बाजू उचलली जाते. तीळ, पेरूच्या बिया आणि शेंगदाण्याचा कूट कवळीखाली अडकून टोचतो, म्हणून जेवल्यावर ती काढून धुवावी.

रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवावी. उकळत्या पाण्यात टाकल्यास तिचा आकार बदलतो. साफ करताना मऊ ब्रश आणि साधा साबण वापरावा, कारण टूथपेस्टमुळे पृष्ठभागावर चरे पडतात; हातातून निसटली तरी फुटू नये म्हणून खाली पाण्याने भरलेले घमेले ठेवावे. रात्रंदिवस कवळी घालणाऱ्यांच्या टाळूवर कॅन्डिडा नावाच्या बुरशीमुळे लाली पसरते. ती अनेकदा दुखतही नाही, म्हणून लक्षात येत नाही. मधुमेह असलेल्यांत आणि औषधांमुळे तोंड कोरडे पडणाऱ्यांत ती अधिक आढळते. त्यावर डॉक्टरांनी दिलेले बुरशीविरोधी औषध वापरावे, पण कवळीही निर्जंतुक करावी लागते, अन्यथा संसर्ग परत येतो.

वर्षानुवर्षे नीट बसलेली कवळी एकाएकी बोचू लागली, तर कारण वेगळे असते. दात काढल्यानंतर जबड्याचे हाड झिजत राहते. पहिल्या वर्षात हा वेग सर्वाधिक असतो, पण झीज पुढेही थांबत नाही. हिरडी आक्रसते, कवळी सैल होते आणि हलताना घासते. चिकटवण्याची पेस्ट जास्त लावून हा सैलपणा झाकण्याऐवजी कवळीला आतून नवा थर देऊन घ्यावा, ज्याला रिलाइनिंग म्हणतात, किंवा नवी कवळी करावी. सैल कवळीचा काठ दीर्घकाळ घासत राहिल्यास तिथे मांसाची घडी वाढते, जी कधीकधी शस्त्रक्रियेने काढावी लागते.

कवळी दुरुस्त करूनही दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, रक्तस्राव किंवा गिळताना त्रास असल्यास तातडीने तपासणी करावी. तंबाखू, मिश्री किंवा सुपारीची सवय असलेल्यांनी अशा जखमेचे खापर कवळीवर फोडून थांबू नये, कारण तोंडाचा कर्करोग सुरुवातीला अशाच साध्या व्रणासारखा दिसू शकतो. दंतवैद्यांनी जखमेचा लहानसा तुकडा काढून तपासायला सांगितल्यास तो द्यावा. खर्चाची अडचण असल्यास मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागात ही तपासणी करून घेता येते.