पिल्लू आणलंय? मग लांडगा डोक्यातून काढा

नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या बंगल्यांपासून सिडकोतल्या वन बीएचकेपर्यंत मी लोकांच्या घरी जाऊन कुत्र्याची पिल्लं शिकवते. एक वाक्य हमखास कानावर येतं: "मॅडम, शेवटी लांडग्याचीच जात, धाक हवाच." माझं माहेर येवल्याकडचं, मेंढरांचं. लांडगा तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. कूळ एकच, हे खरं. पण दोघांचं बालपण सारखं नसतं, आणि पिल्लू वाढवताना कामाचं असतं ते बालपणच.

दोघांनाही वास येऊ लागतो साधारण दुसऱ्या आठवड्यात, ऐकू येतं चौथ्यात, नजर बसते सहाव्यात. लांडग्याचं पिल्लू मात्र दोन आठवड्यांचं होताच, डोळे-कान चालू नसताना, नुसत्या नाकावर चालायला लागतं. पुढे आवाज आणि उजेड आला की प्रत्येक नवी गोष्ट त्याला दचकवते. कुत्र्याचं पिल्लू चौथ्या आठवड्यात हिंडायला लागतं आणि नव्या माणसा-वस्तूंशी ओळख करून घ्यायची त्याची मुदत बाराव्या आठवड्यापर्यंत टिकते. लांडगा माणसाळवायचा तर तीन आठवड्यांच्या आतच चोवीस तास त्याच्यासोबत राहावं लागतं. तरी त्याचा कुत्रा होत नाही.

म्हणून पहिलं काम: पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईपाशी राहू द्या. "लहान नेलं की लवकर लळा लागतो" म्हणून विकणारा पाच आठवड्यांचं हातात ठेवेल, घेऊ नका. चावा किती जोरात घ्यायचा हे ते भावंडांकडून शिकतं.

घरी आणल्यावर हातात जेमतेम महिना उरतो. लसी पूर्ण नसतात म्हणून लोक त्याला कोंडून ठेवतात आणि नेमकी हीच मुदत वाया जाते. जमिनीवर सोडू नका, कडेवर घ्या. रविवार कारंजाच्या चौकात पाच मिनिटं उभं राहा. रिक्षा, हातगाडी, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत जाणारे आजोबा, कुकरची शिट्टी, सगळं लांबून दाखवा आणि प्रत्येक वेळी तोंडात खाऊ द्या. पिल्लू अंग चोरायला लागलं, खाऊ नाकारलं, तर आणखी लांब जा. नाशिक ढोलाचं रेकॉर्डिंग आधी अगदी हळू लावा, आवाज दिवसागणिक वाढवा. गणपतीत पलंगाखाली थरथरणारी मोठी कुत्री मी खूप पाहिलीत, आणि आता तर सिंहस्थ येतोय.

दुसरं काम नजरेचं. 2003 मध्ये बुडापेस्टच्या संशोधकांनी माणसांनी वाढवलेले लांडगे आणि कुत्री यांना मांस मिळवायला शिकवलं, मग वाट बंद केली. लांडगे झटत राहिले. कुत्र्यांनी वळून माणसाच्या तोंडाकडे पाहिलं. घरी करून बघा: आत खाऊ ठेवलेल्या डब्याचं झाकण घट्ट लावा आणि गप्प बसा. पिल्लू तुमच्याकडे पाहील त्या क्षणी "शाब्बास" म्हणून डबा उघडा. बस, ये, थांब हे सगळं या पाहण्यावरच उभं करायचं असतं. मी पहिला आठवडा दुसरं काही शिकवतच नाही.

आता तो धाक. पिल्लाला उताणं पाडून दाबून धरणं, आपण आधी जेवणं, "अल्फा" म्हणजे कळपाचा दादा होणं. याचं मूळ 1947 च्या एका अभ्यासात आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांचा तो अभ्यास. रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनी 1999 मध्ये स्पष्ट मांडलं. तिथे बाप शिकार पोटात घालून आणतो आणि पिल्लांपुढे ओकतो. आमच्या गल्लीत बोक्या नावाचा कुत्रा आहे, तो मात्र सहसा पिल्लांकडे ढुंकूनही पाहत नाही. दाबून धरलेलं पिल्लू गुरगुरणं सोडतं आणि पुढे न सांगता चावतं. गुरगुरलं तर थांबा, कशावरून ते शोधा.

खाण्याचं थोडक्यात: पिष्ट (स्टार्च) पचवण्याची ताकद कुत्र्यात लांडग्यापेक्षा बरीच जास्त, त्यामुळे भाकरी चालते, पण नुसत्या भाकरीवर पिल्लू वाढवू नका. मादी लांडगीण वर्षातून एकदाच माजावर येते, कुत्री बहुधा दोनदा, आणि तीही वर्षाची व्हायच्या आत येऊ शकते. नसबंदीचं डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

आणि येवला-सिन्नरच्या माळावर बिळात पिल्लं दिसली, तर "कुत्र्याचीच असतील" म्हणून उचलू नका. लांडगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पाळणं गुन्हा आहे. शिवाय आई बहुधा जवळपासच असते. हात न लावता मागे फिरा आणि वनखात्याला 1926 वर फोन करा.