आखाड्यावर नेट आणायचं तर

गावात रेंजच्या चार काड्या, आणि दीड-दोन किलोमीटरवरच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, मोबाइल बाजेवर उभं राहून वर धरावा लागतो. यावर पहिला उपाय बहुतेक जण करतात तो मोठ्या रिचार्जचा. रिचार्जने डेटा वाढतो, टॉवर जवळ येत नाही. खर्च करायचाच तर रेंज मोजणं, खांब, वायर आणि लाइट, या क्रमाने करा. प्लॅन सगळ्यात शेवटी.

वेग किती लागतो?

अमेरिकेत मार्च २०२४ पासून १०० एमबीपीएस डाउनलोड आणि २० अपलोड असेल तरच त्याला ब्रॉडबँड म्हणतात. ब्रिटनमध्ये २०२० पासून खेड्यातल्या घरालाही किमान १० डाउनलोड, १ अपलोड मागण्याचा हक्क आहे. मात्र जोडणीचा खर्च ३,४०० पौंडांच्या वर गेला तर वरचे पैसे घरमालकाने द्यायचे. फिनलंडने १ एमबीपीएसचा हक्क २०१० मध्येच दिला. आपल्याकडे २०२३ पासून ब्रॉडबँडची किमान व्याख्या २ एमबीपीएसची आहे.

आखाड्यावरच्या कुटुंबाचा हिशोब साधा आहे. पोराच्या क्लासचा व्हिडिओ कॉल २-३ एमबीपीएस, एचडी व्हिडिओ ५ एमबीपीएस. म्हणजे स्थिर १० मिळाले तरी घर चालतं. घोळ होतो तो मोटार-केबलच्या चोरीवर नजर ठेवायला लावलेल्या कॅमेऱ्यात. एक कॅमेरा सतत २ एमबीपीएस वर पाठवत राहिला तर दिवसाला साडेएकवीस जीबी जातात; रोजचे २ जीबी सव्वादोन तासांत संपतात. म्हणून रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर ठेवा आणि हालचाल झाली तरच सूचना येईल असं सेटिंग करा.

मोजणी

काड्या बघून काही ठरवू नका, प्रत्येक फोन त्या आपल्या मनाने दाखवतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* डायल केलं की सिग्नलचे आकडे दिसतात. नाही दिसले तर सेल इन्फो दाखवणारं एखादं ॲप घ्या. दोन आकडे लिहायचे: आरएसआरपी, म्हणजे सिग्नल किती पोचतो, आणि एसआयएनआर, म्हणजे तो किती स्वच्छ आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांची जमतील तेवढ्या कंपन्यांची सिमं गोळा करा. माळवदावर किंवा स्लॅबवर चारही कोपऱ्यांत उभं राहून प्रत्येक सिमचे आकडे घ्या. पत्र्याच्या शेडात मोजून उपयोग नाही, पत्रा सिग्नल अडवतो.

आरएसआरपी उणे ९५ पेक्षा चांगला (म्हणजे उणे ९०, उणे ८५) असेल तर खिडकीतला साधा फोर-जी राउटर पुरतो. उणे ९५ ते उणे ११० असेल तर राउटर बाहेर, उंचावर न्यावा लागतो. उणे ११५ च्या खाली त्या कंपनीचा नाद सोडा. एसआयएनआर १३ च्या वर हवा. शून्याच्या खाली असेल तर काड्या भरून दिसतील, पण पान उघडणार नाही.

हीच मोजणी सकाळी सहाला आणि रात्री नऊला, वेगाच्या चाचणीसकट करा. दोन्ही वेळी आकडे सारखे, पण वेग सकाळी २५ आणि रात्री २, असं निघालं तर दोष रेंजचा नाही, टॉवरवर गर्दी आहे. तिथे अँटेनावर घातलेले पैसे पाण्यात. दुसरी कंपनी किंवा दुसरा बँड (सिग्नलचा पट्टा) बघा. ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झचा सिग्नल लांब पोचतो, पण बहुधा सडपातळ असतो, म्हणजे त्यातून डेटा कमी वाहतो. २३०० चा जवळपुरता, पण रुंद. म्हणून ८५० चा उणे ८५ सोडून २३०० चा उणे १०५ पकडला तर वेग वाढतो असंही घडतं. ज्या राउटरमध्ये बँड निवडता येतो तोच घ्या.

टॉवर कोणत्या दिशेला आहे हे दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर नकाशावर सापडतं. मराठवाड्यात पाटोदा, किनवट भागात डोंगर आड येतो. तिथे जवळच्या टॉवरपेक्षा समोर उघडा दिसणारा लांबचा टॉवर चांगला चालतो.

खांब आणि वायर

बाजारात यागी अँटेना (एकाच दिशेला धरायची, काड्यांची) आणि तिच्यासोबत १५ मीटर बारीक काळी वायर असा संच मिळतो. तो घेऊ नका. तसली वायर २३०० मेगाहर्ट्झला मीटरमागे सुमारे १ डीबी (सिग्नलची वाढ-घट मोजायचं एकक) खाते. अँटेना कमावते १०-१२ डीबी, वायर खाते १५. आमदनी अठ्ठन्नी, खर्चा रुपय्या. त्यापेक्षा अँटेना आतच असलेला आउटडोअर राउटर खांबावर चढवा आणि खाली लॅनची वायर आणा. लॅनची वायर १०० मीटरपर्यंत चालते आणि त्याच वायरीतून राउटरला लाइटही मिळते. वायर कॅट-६ आउटडोअर आणि पूर्ण तांब्याची हवी. स्वस्तातली सीसीए वायर आतून ॲल्युमिनियमची असते. चाकूने तार खरवडली की पांढरी निघते. तिच्यातून लाइट पुरेशी पोचत नाही आणि राउटर दर तासाला बंद-चालू होतो.

खांबाला २० फुटी जीआय पाइप, दीड इंची. भिंतीला दोन क्लॅम्प मारून उभा करता आला तर उत्तम. जमिनीत रोवायचा असेल तर काळ्या मातीवर भरवसा ठेवू नका; उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि खांब कलतो. मुरूम लागेपर्यंत खणून काँक्रीट भरा, वरून तीन बाजूंनी ताण द्या. विजेच्या तारांपासून खांब त्याच्या उंचीपेक्षा जास्त अंतरावर हवा. पडला तर तारेवर पडता कामा नये.

उंची ठरवताना आजचं शिवार बघू नका. चैत्रात आठ फुटांवर बसवलेला राउटर झकास चालतो. भाद्रपदात ऊस डोक्यावर जातो, ओल्या पाल्यात सिग्नल मुरतो, आणि मग कंपनीच्या नावाने शिमगा.

सिग्नल बूस्टर नावाची यंत्रं मात्र लावू नका. परवानगीशिवाय ती बेकायदा आहेत, शिवाय आजूबाजूच्या सगळ्यांची रेंज बिघडवतात.

गावातलं फायबर शेतात

गावातल्या घरी फायबर असेल आणि तिथून आखाडा दिसत असेल तर सगळ्यात चांगला मार्ग हाच: दोन्हीकडे ५ गिगाहर्ट्झच्या सीपीईची, म्हणजे वायरीविना एकमेकांना नेट पोचवणाऱ्या यंत्रांची, जोडी. हा पट्टा २०१८ पासून आपल्याकडे विनापरवाना वापरता येतो. जोडी साधारण सात-आठ हजारांपासून मिळते, महिन्याचा वेगळा खर्च नाही. नुसतं दिसून मात्र भागत नाही. ३ किलोमीटरच्या अंतरावर मधोमध, दोन यंत्रांमध्ये ताणलेली धरलेल्या अदृश्य दोरीच्या खाली, सुमारे १२ फूट मोकळी जागा लागते. मध्ये १२ फूट ऊस असेल तर दोन्ही टोकं २४ फुटांवर हवीत. वाटेत लिंब किंवा आंबा असेल तर खांब चार हात बाजूला घ्या. आणि हे आपल्याच घरापुरतं; शेजाऱ्यांना पैसे घेऊन वाटायला परवाना लागतो.

आखाड्यापर्यंत थेट फायबर ओढून देणारा कोणी भेटला तर खांबांवरची उंची बघा. उसाच्या ट्रॉल्या लोंबती केबल तोडतात, पाचट पेटवलं की जळते, खार कुरतडते. घरातल्या फायबरच्या डब्यावर लॉसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला तर केबल तुटली आहे किंवा जॅक निघाला आहे. दिवा हिरवा, पण नेट रडतंय, अशा वेळी लाइनमनला मीटर लावायला सांगा: उणे १५ ते उणे २५ मध्ये ठीक, उणे २७ च्या खाली गेलं की जोड नव्याने करून घ्यायचे. बिल ठरवताना जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी धरा. ३९९ चे ४७१ होतात.

लाइट

शेतीच्या फीडरवर लाइट पाळीने येते, म्हणून राउटरला आपली बॅटरी हवीच. राउटर १० वॅट खातो. १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी त्याला पाच-सहा तास ओढते. रात्रभर हवं असेल तर १०० वॅटचं सोलर पॅनेल आणि २०-२५ एएचची बॅटरी. दुसरं दुखणं व्होल्टेजचं: एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) मोटारी चालू झाल्या की ते बसतं, रात्री बंद झाल्या की चढतं, आणि ॲडॉप्टर मरतात ते चढल्यावर. जास्त व्होल्टेजला तोडणारं कटऑफ लावा. लॅनच्या वायरीतून लाइट देणारा पीओई ॲडॉप्टर बदलताना २४ आणि ४८ व्होल्टची गल्लत करू नका. ४८ चा २४ वर लावला की राउटर गेलाच.

वीज

मराठवाड्यात एप्रिल ते जूनच्या वळवात आणि परतीच्या पावसात विजा जास्त पडतात. उघड्या शिवारातला उंच लोखंडी खांब म्हणजे तिला आवतणच. पाइपला जीआय तारेने वेगळं अर्थिंग द्या आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतत जा. कोरडं अर्थिंग असून नसल्यासारखं. लॅन वायर घरात शिरते तिथे सर्ज प्रोटेक्टर बसवून तोही त्याच अर्थिंगला जोडा. थेट पडली तर यातलं काहीही वाचवत नाही. म्हणून विजेची आगाऊ सूचना देणारं दामिनी ॲप फोनवर ठेवा आणि आभाळ भरून येतानाच लॅनचा जॅक आणि ॲडॉप्टर दोन्ही काढा. कडकडाट सुरू झाल्यावर वायरीला हात लावायचा नाही.

डिशचं काय?

अमेरिकेतल्या शेतांवर स्टारलिंकच्या (उपग्रहावरून नेट देणाऱ्या कंपनीच्या) डिशचे व्हिडिओ बघून तिकडच्या नातेवाइकाला एक आणायला सांगायचा मोह होतो. स्टारलिंकला भारताचा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला, तरी तिकडची डिश आणून इथे चालू करता येत नाही. इथे अधिकृत डिश घ्याल तेव्हा आधी लाइटचा हिशोब करा: मोठी डिश ७५ ते १०० वॅट खाते, म्हणजे दिवसाला दोन युनिटांच्या आसपास. राउटरला सहा तास ओढणारी तीच बॅटरी तिला पाऊण तासही पुरत नाही.