भारत-नॉर्वे तापमान प्रोजेक्ट: फंक्शन बसवताना कुठे फसाल

गणिताच्या प्रोजेक्टसाठी दोन देशांची तापमानवाढ घेणार असाल तर खुशाल घ्या. कॅल्क्युलस जवळपास लागत नाही, डेटा फुकट मिळतो. फक्त एक्सेलने आलेखावर ट्रेंडलाइनचं (आकड्यांना बसवलेल्या रेघेचं) छापलेलं समीकरण जसंच्या तसं वहीत उतरवू नका.

एक्सेल तिथे सहगुणक मोजक्या अंकांतच दाखवतं. समजा, वर्गपदाचा खरा सहगुणक ०.००००८३ आहे आणि छापून येतं '८ई-०५', म्हणजे ०.००००८. फरक फक्त ०.०००००३. पण तुम्ही वर्ष म्हणून २००० घातलंत की त्याचा वर्ग ४० लाख, आणि गुणाकार १२ अंश! बाकी पदं अचूक धरली तरी भारताचं सरासरी तापमान २५ च्या जागी १३ येतं. आलेखावरची रेघ मात्र बरोबर दिसते, कारण ती एक्सेलने पूर्ण अंकांवर काढलेली असते. म्हणून ही चूक नुसतं बघून सापडत नाही, परीक्षकाने एक वर्ष घालून पाहिलं की सापडते.

उपाय सोपा आहे. वर्षातून १९६० वजा करा आणि तो आकडा चल म्हणून वापरा. २०२० साठी ६०, त्याचा वर्ग ३६००, आणि तीच चूक आता ०.०१ अंशाची. शिवाय समीकरणावर राइट क्लिक करून फॉरमॅट ट्रेंडलाइन लेबलमध्ये सायंटिफिक निवडा, दशांश स्थळं १० ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे लाइनेस्ट फंक्शन, ते सहगुणक थेट सेलमध्ये देतं.

डेटा दोन्ही देशांचा एकाच ठिकाणचा हवा: बर्कले अर्थ ही तापमानाच्या नोंदी देणारी संस्था किंवा जागतिक बँकेचं हवामान पोर्टल. बर्कले अर्थची विसंगती (तापमान ठरावीक काळाच्या सरासरीहून किती कमी-जास्त ते) १९५१-८० च्या सरासरीवरून मोजलेली असते, आपलं हवामान खातं १९९१-२०२० धरतं. दोन्ही मिसळलंत तर उतार तोच राहतो, पण रेघ वर-खाली सरकते आणि 'अमुक साली रेघा छेदतात' हा निष्कर्ष खोटा ठरतो. निफाडचा जानेवारीतला पाराही देशाच्या सरासरीशेजारी ठेवू नका.

सहाव्या घाताची बहुपदी म्हणजे शुद्ध पळवाट. आर-वर्ग (रेघ आकड्यांना किती जवळून बसते याचं माप) वाढतो, पण २०५० ला रेघ आभाळात जाते नाहीतर पाताळात. क्लासमध्ये मिळणाऱ्या तयार फाइलींत हीच असते तेव्हा वाईट वाटतं. घातांकी फंक्शनही नको: विसंगतीत शून्य किंवा ऋण आकडे असले की एक्सेल तो पर्याय देतच नाही. आणि सेल्सिअसचं शून्य सोयीने ठरवलेलं, त्यामुळे '५ वरून ६ म्हणजे २० टक्के वाढ' याला अर्थ नाही. 'हेच फंक्शन का?' असं विचारणारे सर किंवा मॅडम मिळाले तर त्यांना सोडू नका.

मासिक आकडे घेतलेत तर कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवा आणि महिन्याचा सहगुणक पाय भागिले ६ घ्या. नॉर्वेला एक साइन लाट छान बसते. भारताला नाही बसत. नाशिककरांना कारण सांगायला नको: मेपर्यंत तापतं, पावसाने पारा उतरतो, मग ऑक्टोबर हीट. देशाच्या सरासरीत ऑक्टोबरचा उंचवटा पुसट होतो, तरी चढण भराभर आणि उतरण रेंगाळत असते. सहा महिन्यांच्या आवर्तनाची दुसरी लाट मिळवा आणि उरलेला फरक महिन्यानुसार मांडून पाहा. त्यात अजून लाट दिसत असेल तर काम बाकी आहे.

शेवटी उतारांची तुलना. लाइनेस्टचा चौथा घटक ट्रू ठेवलात की दुसऱ्या ओळीत उताराची प्रमाण त्रुटी, म्हणजे उतार साधारण किती चुकू शकतो ते, मिळते. दोन्ही देशांच्या त्रुटींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढा. उतारांतला फरक याच्या दुपटीहून जास्त असेल तरच 'नॉर्वे जास्त वेगाने तापतोय' असं लिहा. लागोपाठच्या वर्षांचं तापमान एकमेकांशी बांधलेलं असतं, त्यामुळे ही त्रुटी थोडी कमीच दिसते. ते एका वाक्यात नोंदवा आणि उतार दर दशकाला किती अंश, या रूपात द्या.