जुन्या कॅम्पर व्हॅनचे ब्रेक एमओटीत फेल झाले तर घरी काय नि कसं करायचं

आमची फोक्सवॅगन टी-२५ आहे, १९८९ ची, इंजिन मागे, छप्पर वर उघडणारं, इथे लीड्सला आल्यापासून सगळ्या उन्हाळी सुट्ट्या तिच्यातच काढल्यात. मार्चमध्ये एमओटीला, म्हणजे इथल्या गाड्यांच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीला, नेली आणि ब्रेकवर फेल झाली. मागच्या डाव्या चाकाला ब्रेक कमी, मागे जाणारा पाइप खूप गंजलेला, शिवाय पुढच्या रबरी होजला चिरा पडल्यात अशी ॲडव्हायझरी, म्हणजे फेल नाही पण लक्ष ठेवा अशी नोंद. सगळं घरीच केलं, दोन वीकेंड लागले, तेच सांगतो.

पाना हातात घ्यायच्या आधी तो कागद नीट वाचा. २०१८ च्या मेपासून दोष डेंजरस, मेजर आणि मायनर असे लिहून देतात. डेंजरस असेल तर गाडी चालवत आणायचीच नाही, टो करा, नाहीतर २,५०० पाउंडांपर्यंत दंड आणि लायसनवर ३ पॉइंट. आणि रोलरवरचे, म्हणजे चाकं फिरवून ब्रेक मोजतात त्या मशीनवरचे, आकडे मागून घ्या, ते फार कामाचे असतात. आमचं मागचं उजवं चाक १६० किलो आणि डावं ९०, म्हणजे ५६ टक्के. एका ॲक्सलवरचं (पुढच्या किंवा मागच्या जोडीतलं) कमी धरणारं चाक दुसऱ्याच्या ७० टक्क्यांखाली गेलं की फेल. आता एकच चाक कमी धरतंय म्हणजे लायनरवर (ब्रेकच्या घासणाऱ्या थरावर) ऑइल आलंय, नाहीतर त्याला ढकलणारा सिलिंडर जाम झालाय, नाहीतर झीज भरून काढणारा ॲडजस्टर अडकलाय, त्यामुळे ड्रम, म्हणजे हे सगळं झाकणारा चाकाबरोबर फिरणारा डबा, उघडून बघितल्याशिवाय एकही पार्ट मागवू नका.

ब्रेकचं काम याआधी कधीच केलं नसेल तर पहिल्यांदा एकट्याने करू नका, जाणता माणूस शेजारी असू दे. गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे, मागून जॅकने उचलून ॲक्सल स्टँडवर, आणि नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही.

मग ड्रम. हँडब्रेक सोडा, बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या पत्र्याच्या) रबरी बुचातून स्क्रूड्रायव्हर घालून ॲडजस्टर मागे फिरवा, कारण जुन्या ड्रमला आतून कड तयार झालेली असते आणि शू (लायनर लावलेले कमानीसारखे तुकडे) त्या कडेला अडकतात, लोक हातोडा मारत बसतात नि ड्रम फुटतो. आतली धूळ हवेने उडवू नका, तोंडाने तर अजिबात नको. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ ला आली, त्याआधीच्या लायनरमध्ये ते असू शकतं, म्हणून मास्क घाला आणि ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसून घ्या.

आमचा डावा ड्रम निघाला तेव्हा शूचा खालचा भाग काळा, चकचकीत आणि बोट लावलं तर तेलकट. व्हील सिलिंडरचं रबरी टोपण नखाने जरा उचललं आणि आतून ब्रेक ऑइलचा एक थेंब ओघळून माझ्या मनगटावर आला. टोपणाखाली ओल म्हणजे आतलं सील गेलं, विषय संपला. ऑइल प्यायलेले लायनर धुऊन, भाजून परत वापरायचे सल्ले मिळतात, ऐकू नका, नवीनच टाका, आणि सिलिंडर नि शू दोन्ही चाकांचे एकदम बदला, नाहीतर पुढच्या वर्षी तोच फरक उलट्या बाजूला दिसेल. एका वेळी एकच बाजू खोला म्हणजे कुठली स्प्रिंग कुठे लागते ते दुसऱ्या बाजूला बघता येतं.

पाइप हे खरं चिवट काम. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, ते पाइपच्या क्लिपखाली साचून राहतं आणि पाइप नेमका तिथेच खातो, वरून मात्र रंग बरा दिसतो. नटांवर दोन दिवस आधीपासून पेनिट्रेटिंग ऑइल मारत राहा. आणि साधा पाना लावू नका, ११ चा ब्रेक पाइपचा पाना घ्या जो नटाला जवळजवळ सगळीकडून धरतो, कारण हे नट मऊ असतात, एकदा कोपरे गेले की गेले. तरी हलला नाही तर पाइपच कापा आणि नटावर सॉकेट चढवा, पाइप नाहीतरी फेकायचाच आहे. कापायच्या आधी ब्रेक पेडल थोडंसं दाबून काठीने टेकवून ठेवा, मग टाकीतलं ऑइल सगळं वाहून जात नाही. नवीन पाइप तांबं-निकेलचा घ्या, ४.७५ मिमीचा, तो गंजत नाही आणि हाताने वाकतो. टोकाचा फ्लेअर, म्हणजे पाइपचं फुलवलेलं टोक, फोक्सवॅगनला एकेरी, फुगीर लागतो, दुहेरी नाही, आणि फ्लेअर करायच्या आधी नट पाइपमध्ये सरकवायला विसरू नका. हत्यार नसेल तर जुना पाइप नमुना म्हणून पार्टच्या दुकानात द्या, बरेच जण तसाच करून देतात.

होजही त्याच वेळी बदलली. जुनी होज आतून सुजते, ऑइल जातं पण परत येत नाही आणि चाक धरून राहतं, बाहेरून काही कळत नाही.

आता ब्रेकच्या पाइपांतली हवा काढणे. टी-२५ ची ब्रेक ऑइलची टाकी स्पीडोमीटरच्या मागे आहे, वरचं कव्हर काढलं की दिसते, क्लचलाही तिथूनच ऑइल जातं. डॉट ४ टाका, सीलबंद नवीन डब्यातलं, रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. सुरुवात सगळ्यात लांबच्या चाकापासून, इथल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं. पेडलवर आमची मुलगी होती, मी चाकामागे निपलपाशी, म्हणजे हवा काढायच्या छोट्या तोटीपाशी.

"बाबा, दाबू का?"

"दाब, हळू. धरून ठेव."

मी निपल उघडतो, बाटलीत बुडबुडे येतात, निपल बंद करतो.

"आता सोड."

निपल बंद व्हायच्या आत पेडल सुटलं तर हवा परत आत जाते, म्हणून हे चार शब्द आधी ठरवून घ्या. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, कारण पेडलला जोडलेल्या जुन्या मास्टर सिलिंडरचा शेवटचा भाग कधी वापरात नसतो, तिथे गंज असतो, पेडल तळापर्यंत गेलं की सील फाटतं. दर पाच-सहा वेळा दाबून झालं की टाकी बघा, रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून.

आधी शू ॲडजस्ट करा, मगच हँडब्रेकची केबल, हा क्रम उलटा करू नका. चाकाचे नट १८० न्यूटन मीटरला टॉर्क रेंचने. मग एक जण पेडल जोरात दाबून धरेल आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन प्रत्येक जॉइंट कोरड्या टिश्यूने पुसायचा, टिश्यू ओला झाला तर गाडी हलवायची नाही.

फेल झाल्यापासून कामाच्या १० दिवसांत त्याच सेंटरला नेली तर पूर्ण टेस्ट पुन्हा लागत नाही, फक्त फेल झालेलं बघतात. एमओटी संपली असेल तर टेस्ट बुक करूनच निघा. आमची नवव्या दिवशी नेली, उजवं १७०, डावं १६५. नवे लायनर बसायला वेळ लागतो, सुरुवातीचे १०० मैल जोरात ब्रेक मारायची वेळ येणार नाही असं चालवा, आणि नंतर एकदा ॲडजस्टर आणि सगळे जॉइंट परत बघून घ्या, आमच्या उजव्या बाजूचा ॲडजस्टर तेव्हा दोन दाते फिरवावा लागला.