देवळाच्या ट्रस्टवर नाव लागतंय? आधी हे बघून घ्या

ट्रस्टी झालो म्हणजे मालक झालो असं बऱ्याच जणांना वाटतं आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. जमीन, दानपेटी, दागिने सगळं देवस्थानचं, तुम्ही सांभाळणारे. कायदा आहे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950, जुने लोक अजून बॉम्बे पब्लिक ट्रस्ट अ‍ॅक्टच म्हणतात.

पहिलं काम, सहायक धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसातून शेड्यूल वनचा उतारा, म्हणजे ट्रस्टच्या सरकारी नोंदीची नक्कल, काढा. त्यावर कुणाची नावं आहेत बघा, पुष्कळदा वारलेल्या माणसांचीच असतात! मीटिंगमध्ये हार घातला म्हणजे झालं असं नाही, कलम 22 प्रमाणे बदल झाल्यापासून 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे ट्रस्टी बदलल्याची लेखी माहिती, त्याच ऑफिसात टाकावा लागतो, उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज वेगळा. सोबत अजेंडा नोटीस, ती पोचल्याच्या सह्या, प्रोसिडिंगची (मीटिंगच्या इतिवृत्ताची) नक्कल, नव्या ट्रस्टींचं संमतीपत्र असं सगळं लावा. नोटीस किती दिवस आधी आणि कोरम (किमान हजेरी) किती ते ट्रस्टच्या घटनेत लिहिलेलं असतं, ते आधी वाचा कारण विरोधी पार्टी बरोब्बर तिथेच बोट ठेवते आणि मग केस वर्षानुवर्षं चालते.

जमिनीला हात लावताना जपून. विकायची, बदलून द्यायची किंवा बक्षीस द्यायची तर कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी. भाडेपट्टासुद्धा, शेतजमीन 10 वर्षांच्या वर आणि बिनशेती जागा किंवा इमारत 3 वर्षांच्या वर द्यायची असेल तर तेच. सभामंडपासाठी कर्ज काढायचं तरी परवानगी लागू शकते, हे बऱ्याच कमिट्यांना माहीतच नसतं.

हिशोब लिहा, ऑडिट करा, त्यात जास्त सांगण्यासारखं काही नाही. गैरकारभार सिद्ध झाला तर कलम 41ड खाली ट्रस्टीला काढतात.

आणि मालक नाही, सांभाळणारे, हे फक्त देवळापुरतं नाही बरं का, सरकारसुद्धा ट्रस्टीच. एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 1996 साली सांगितलं की नद्या, जंगलं सरकारकडे जनतेसाठी विश्वस्त म्हणून आहेत, आणि बियास नदीकाठची मोटेलला लीजवर दिलेली वनजमीन परत घ्यायला लावली.

सोडायचं असेल तर नुसता राजीनामा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून उपयोग नाही, लेखी द्या, पोच घ्या, ठराव करून घ्या आणि त्याचाही चेंज रिपोर्ट गेला का ते बघा, नाहीतर उताऱ्यावर नाव तुमचंच राहतं आणि नोटीसही तुमच्याच घरी येते.